पेरणीचा आजार

विम्याचा तपासनीस आला की आपल्या कॉलनीत दारे लागतात. नुकतेच वारलेले एक तपासनीस मात्र दार वाजवून चहा मागत. खोटे मृत्युदाखले त्यांनी पुष्कळ पकडले, तपास हवाच. पण आमच्या गँगमनच्या विधवेचा दावा अडला तो दरवर्षीच्या 'सिक' रजेवरून. आजार लपवला म्हणे! तारखा पाहून हे हसले, "दरवर्षी मृगातच? हा रोग पेरणीचा!" दावा मंजूर झाला.

विमा कायद्याचे कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीपासून, तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेऊ देत नाही. त्याआधी फसवणूक म्हणायची तर वारसाला लेखी कारण द्यावे लागते. शाखांनी ते मागावेच.

बाईंनी पाठवलेली ज्वारी त्यांनी परत केली. सोबत चिठ्ठी : "पचणार नाही."