तोफा आल्या, सहा टक्के राहिले



मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर झाले. ते दिवस बेळगावने नुसते टीव्हीवर पाहिले नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथले, आणि सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत गावोगावी कुणी ना कुणी वर्दीत. सुट्टी अर्धी टाकून पोरगा परत निघाला की त्या घरात चूल कशी पेटते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा शस्त्रे नकोतच, असले भाबडे काही आम्ही लिहिणार नाही. ती विकतो कोण, एवढे मात्र पाहू.

1965 च्या भारत-पाक लढाईत अमेरिकी शर्मन रणगाडे दोन्ही बाजूंना होते. फ्रान्सने मिराज विमाने पाकिस्तानला दिली, आपल्यालाही दिली, पाणबुड्यांचेही तेच. स्वीडनने बोफोर्स तोफा आपल्याला विकल्या आणि पुढे टेहळणीची रडारविमाने पाकिस्तानला. भाऊबंदांचा बांध कोर्टात गेला की वकिलाचा बंगला उठतो, हे निपाणी-चिकोडीकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. इथे तर दोन्ही पक्षकारांचा वकील एकच!

1965 ची ती लढाई झाली तेव्हा कोठारी शिक्षण आयोगाचे काम चालू होते. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी त्याआधी संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार होते. शस्त्रांची गरज त्यांना कुणी समजावून द्यायला नको होती. सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच मुलखातले. संकेश्वरहून आंबोलीकडे जाताना आजरा तालुका लागतो, त्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीचे मौनी विद्यापीठ त्यांनीच उभे केले. 1966 च्या अहवालात आयोगाने लिहून दिले की, वीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत.

वीस वर्षे संपली 1986 मध्ये. त्या मार्चमध्ये बोफोर्सचा करार झाला. त्याच वर्षी नवे शैक्षणिक धोरण आले, सहा टक्क्यांचा शब्द पुन्हा दिला गेला. आणि जूनमध्ये आपल्या भागात कन्नडसक्तीविरुद्ध उतरलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुलाने कुठल्या भाषेत शिकावे, यावरून माणसे मेली!

तोफा आल्या, कारगिलला कामीही आल्या. सहा टक्के अजून यायचे आहेत. 2020 च्या धोरणातही तोच आकडा आहे, वचन म्हणूनच.

2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राने संरक्षणाला 6.81 लाख कोटी दिले, शिक्षण मंत्रालयाला 1.28 लाख कोटी. शिक्षणाचा मोठा भार राज्ये उचलतात, हे खरे. पण आपल्या वाट्याला आलेली राज्ये बघा. कर्नाटकाने हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध बांधली, वर्षातले थोडे दिवस अधिवेशन भरवायला. महाराष्ट्र सीमाप्रश्नासाठी 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात तारखा मोजतो आहे. दोघांच्या मध्ये गावची मराठी शाळा: दोन वर्ग एका खोलीत, कायम गुरुजींच्या जागी गेस्ट टीचर, आणि पालक पोराला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवून मोकळे. पुढाऱ्यांची नातवंडे कुठल्या माध्यमात शिकतात, हे विचारायची सोय नाही.

1986 च्या त्या गोळीबारातील हुतात्म्यांसाठी दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर गर्दी होते, भाषणेही होतात. वाचकांकडे मात्र आणखी एक मागणे आहे. सुट्टी संपून शाळा उघडली की गावच्या शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसी) बैठकीला जा. मंजूर शिक्षक किती आणि हजर किती, एवढेच विचारा, आणि मिळेल ते उत्तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात गाववार छापू.