भंगाराचा खर्च

परवा भोसरीला एका परिचितांच्या कारखान्यात गेलो होतो. दहा-बारा लेथ आणि चाकणच्या मोटारींसाठी सुटे भाग करण्याचे काम. मी सहज म्हटले, "नाशिकजवळ ओझरला जुळवलेले पहिले ‘तेजस मार्क १ए’ १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. आता तुम्हीही विमानाचे भाग करा की!"

मालक हसले. कोपऱ्यातल्या भंगाराच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "करू की! पण त्या ढिगाचे पैसे कोण देणार, तेवढे सांगा."

वाचकहो, यात थट्टेचा भाग थोडाच आहे. विमानाचा सांगाडा आपण बांधतो. ‘तेजस’चे इंजिन मात्र अमेरिकेहून येते. हे दुखणे जुनेच. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले. बंगळूरच्या कारखान्यात त्यांनी रचलेले ‘एच.टी.-२’ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. तेथेच जर्मन तज्ज्ञ कुर्ट टांक यांचे लढाऊ ‘मारुत’ १९६१ साली उडाले. आखणी ध्वनीहून अधिक वेगाची; पण तेवढ्या ताकदीचे इंजिन त्याला कधी मिळालेच नाही. पुढे आपले ‘कावेरी’ इंजिन १९८९ पासून हाती घेतले, तेही ‘तेजस’पासून २००८ साली वेगळे काढावे लागले.

घोडे अडते ते बोटभर पात्यापाशी. इंजिनातला वायू पात्याचा धातू वितळेल त्याहूनही तापलेला असतो. म्हणून पात्याच्या पोटातून बारीक वाटांनी थंड हवा खेळवतात आणि ओतताना सबंध पाते एकाच स्फटिकाचे करतात. अशी ६० पाती २०२१ साली आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी करून दिली. म्हणजे हात आपल्याकडे आहे. पण तो बसतो फुकट गेलेल्या पात्यांवरच, आणि तो खर्च वर्षानुवर्षे सरकारनेच सोसावा लागतो. ‘मारुत’नंतर पुढचे लढाऊ विमान हाती घ्यायला आपल्याला १९८३ साल उजाडले! पहिल्या घाण्याच्या करंज्या तेलात फुटल्या, म्हणून कोणी दिवाळीच बंद करते काय?

निघताना मालकांच्या टेबलावर एक चकचकीत भाग दिसला. मी कौतुक केले, तर ते म्हणाले, "तो केसभर चुकलाय. नव्या पोरांना दाखवायला ठेवलाय."