आधी चाकं फिरू द्या!

मंडळी, ‘प्रोजेक्ट कार’ म्हणजे काय, तर मालक सोडून बाकी सगळ्यांनी ढकलायची गाडी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि लोकांना एकदम लहानपणाचे उमाळे आले. आता ज्याच्या आजोबांच्या बंगल्याला गॅरेज आहे, तो कुठूनतरी एक मेलेली पद्मिनी उचलून आणतो. पहिल्या रविवारी इंजिन बाहेर. दुसऱ्या रविवारी चाकं काढून गाडी विटांवर. फोटो झकास येतात. पुढची दोन वर्षं गाडी तिथेच.

मग एक दिवस पाण्याच्या टाकीत उतरायचं असतं, आणि टाकीचं झाकण नेमकं गाडीखाली. (पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत ते तिथेच का असतं, देव जाणे.) मग हाका सुरू. शेजारच्या सोसायटीचे वॉचमनकाका, इस्त्रीवाला, पलीकडचा कॉलेजातला पोरगा. छंद तुमचा, कंबर त्यांची.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी चाकं फिरली पाहिजेत, स्टिअरिंग वळलं पाहिजे, ब्रेक लागला पाहिजे आणि (हे महत्त्वाचं) सुटला पाहिजे. यातल्या कशालाच इंजिन लागत नाही. सहा महिने बिल्डच होत नाही असा प्रोजेक्ट आपण ऑफिसात खपवून घेतो का? बरं, घेतो. पण त्याचे फोटो काढून मिरवत नाही.

जरा हिशोब करू. पद्मिनीचं वजन ढोबळमानाने ९०० किलो. टायरमध्ये हवा आणि बेअरिंग धड असेल, तर सपाट कोब्यावर तिला सरकत ठेवायला वजनाच्या दीडेक टक्का जोर लागतो, म्हणजे १३-१४ किलो. एकटा माणूस नेईल. पाणी वाहून जायला दिलेला पन्नासास एक उतार चढवायचा तर वर १८ किलो. दोघं पुरे. पण हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभी ठेवलीत आणि आतले ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटले, की मागची चाकं फिरतच नाहीत, नुसती घासतात. मग तोच आकडा ३०० किलोच्या घरात जातो. त्याला चार माणसंही कमी पडतात.

यावर हुशार मंडळींचं उत्तर ठरलेलं: “डॉली आणू की!” म्हणजे प्रत्येक चाकाखाली ठेवायची छोटी ट्रॉली. गुळगुळीत काँक्रीटवर उत्तम चीज आहे, गाडी आडवीसुद्धा सरकते. आपल्याकडे खाली असते शहाबादी फरशी. एक सांधा आला की ट्रॉलीचं एवढंसं चाक रुतून बसतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. डॉलीवर चढवलेल्या गाडीला ब्रेक नसतो. हँडब्रेक कितीही ओढा, गाडीची चाकं थांबतील, खालची ट्रॉली थोडीच थांबणार? उतार गेटकडे असेल तर गाडी गेटकडे. मध्ये कोण उभं आहे ते ती बघत नाही. शिवाय ती टीचभर चाकं टाकीच्या झाकणावरून नेणार असाल तर धन्य आहे.

विटांबद्दल तर बोलूच नये. लोखंड निदान वाकतं. वीट काही न सांगता फुटते, आणि तेव्हा तुम्ही गाडीखाली असता. पंक्चरचा जॅक फक्त उचलायला असतो. गाडी धरून ठेवायला जॅक स्टँड, खाली फरशी फुटू नये म्हणून जाड फळी.

“पण ब्रेकचं काम बोअर आहे यार, खरी मजा इंजिनात.” अरे मग मजा कर, पण स्वतःच्या जोरावर. ड्रम उघड, शू साफ कर, व्हील सिलिंडर बदल, टायरमध्ये हवा भर. थोडे रविवार जातील. मग खुशाल काढ इंजिन.

आणि इंजिन काढल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्यात अर्थ नसतो, अडवायला आत काही उरलेलंच नसतं. हँडब्रेक मोकळा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. वॉचमनकाकांना झोपू दे.