आपले खाते आपण पाहावे

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या गावांतून दिवाळी सरत आली की घरोघरी कुलपे दिसू लागतात. नवराबायकोची जोडी, जिला आमच्याकडे एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडावयास जाते, ती चैत्राच्या सुमारास परतते. किती टन ऊस तोडला, उचलीपैकी किती फिटले आणि किती अंगावर राहिले, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. ज्याच्या घामाचा तो हिशेब, त्याने ती वही उघडून पाहिल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. अशा गावांत माझी सारी नोकरी गेली. तेथे राहून माझे मत असे बनले की, बँकेचे खाते चालविण्यास मुलांनी शाळेच्या वयातच शिकावे, आणि त्याचा आरंभ पासबुक वाचण्यापासून करावा.

२०२४ च्या उन्हाळ्यात एक ऊसतोड बाई सातवीतल्या आपल्या मुलीला घेऊन माझ्या घरी आली. तिच्या हातात पिशवीत गुंडाळलेले पासबुक होते. “गुरुजी, बँकवाले दरसाली पैसे कापायलेत. इचारावं तर कुणाला?” असे ती म्हणाली. मी पासबुक स्वतः न वाचता मुलीच्या हाती दिले. वजा ४३६, वजा २०; आणि मागील वर्षी त्याच सुमारास पुन्हा वजा ४३६, वजा २०. पुढे नुसती इंग्रजी आद्याक्षरे छापलेली. (ती पाहून शिकलेला माणूसही चकित होतो, या नोंदी सरळ मराठीत छापावयास बँकांना काय हरकत असावी, हे मला अद्याप कळलेले नाही.) ते पैसे कोणी खाल्लेले नव्हते. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा आणि २० रुपये हा अपघात विम्याचा वर्षाचा हप्ता होता. खाते उघडताना भरलेल्या एका कागदावर बाईने अंगठा उठविला होता, एवढेच तिला स्मरत होते. म्हणजे तिच्या आयुष्याचा २ लाख रुपयांचा विमा उतरलेला होता आणि घरात कोणाला त्याची वार्ता नव्हती! उसाच्या वाहनांना होणारे अपघात आमच्या भागाला नवे नाहीत. ईश्वर न करो, पण तसे काही घडले असते, तर मागे राहिलेल्यांनी मागणी तरी कशाच्या आधारावर केली असती?

पूर्वी बँक गोरगरिबांसाठी नव्हतीच. निजामाच्या राजवटीत आमच्या बीडमध्ये हाली सिक्का चाले. १९४२ साली हैदराबाद स्टेट बँक सुरू झाली, तरी खेड्यातला कुणबी आपले चार रुपये गाडग्यात पुरून ठेवी वा कणगीत दडवी, आणि नड पडली की सावकाराची पायरी चढे. १९६९ च्या जुलै महिन्यात १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर बँका हळूहळू खेड्यांकडे वळल्या. २०१४ साली जनधन योजना आली आणि ज्या घरात कधी पासबुक नव्हते, तेथेही ते पोहोचले. दार उघडले खरे. पण आत जाऊन काय करावयाचे, हे शिकविणारा कोणी भेटला नाही.

पासबुक म्हणजे तुमच्या आणि बँकेच्या व्यवहाराची रोजनिशी होय. तारीख, तपशील, काढलेली रक्कम, भरलेली रक्कम आणि शिल्लक एवढेच तिचे रकाने. ज्याला बेरीज-वजाबाकी येते, त्याला ती वाचता आलीच पाहिजे. २०१० च्या १ एप्रिलपासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाते. तेव्हा महिना-दोन महिने पैसे घरात डब्यात ठेवण्यापेक्षा ते आजच भरणे हिताचे. भरल्यावर पावतीवर शिक्का आहे की नाही, हे खिडकीपाशी उभे असतानाच पाहावे.

धनादेशाची गोष्ट थोडी निराळी. हा नुसता कागद नव्हे, अमक्याला इतकी रक्कम द्यावी अशी तुम्ही बँकेला केलेली लेखी आज्ञा आहे. माझ्या नोकरीतला पहिला धनादेश परत आला, कारण मी अक्षरांत पाचशे आणि अंकांत ५० लिहिले होते. मराठीचा शिक्षक आणि अक्षरांतच चुकला, म्हणून सहकारी पुष्कळ दिवस हसत होते. तेव्हापासून मी रक्कम लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढतो आणि कोऱ्या धनादेशावर कधीही सही करीत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की ती रक्कम खिडकीवर रोख मिळत नाही, कोणाच्या तरी खात्यातच जमा होते. २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिन्यांची आहे. आणि खात्यात पैसे नसताना देणे फेडण्यासाठी धनादेश देणे हा केवळ फजितीचा विषय नाही. रक्कम मागूनही दिली नाही, तर कायद्याने तो गुन्हा ठरतो.

मुलांच्या हाती खाते दिले तर ती उधळी होतील, असे पुष्कळ पालक म्हणतात. मला ही भीती उलटी वाटते. आमच्या शाळेत संचयिका होती. मुलेच रुपया-दोन रुपये जमा करून घेत, मुलेच वही लिहीत. त्या वहीवर बसणाऱ्या मुलाला जितकी काटकसर कळे, तितकी माझ्या व्याख्यानांनी कोणाला कळली असेल, असे मला वाटत नाही. आता तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडून चालविता येते. खाते उणे मात्र होऊ द्यावयाचे नाही. तुम्ही अकरा-बारा वर्षांचे आहात. म्हणजे ही गोष्ट तुमच्याविषयीच आहे.

पैसे कोठे ठेवावे, हेही वाचूनच ठरवावे लागते. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण असते. १९६२ साली हा विमा सुरू झाला तेव्हा त्याची मर्यादा १५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. २०२३ नंतर आमच्या जिल्ह्यातील काही मल्टिस्टेट पतसंस्थांची दारे बंद झाली, तेव्हा अधिक व्याजाच्या आशेने तेथे आयुष्यभराची पुंजी ठेवलेली माणसे मी पायऱ्यांवर बसलेली पाहिली आहेत. त्यांतील कित्येकांना बँक आणि पतसंस्था यांत काही भेद असतो, हेच ठाऊक नव्हते. त्यांत माझे दोन जुने विद्यार्थीही होते. हे मी त्यांना वर्गात कधी सांगितले नव्हते.

मोबाइलवरून पैसे पाठविणे तुम्ही माझ्याआधी शिकाल, त्याविषयी मी बोलत नाही. फोनवर आलेला गुप्त अंक कोणी मागितला तर तो बँकेचा माणूस नव्हे. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या मुलीने पुढे एक जुनी वही घेतली. पासबुकातील प्रत्येक नोंद तीत उतरवून पुढे मराठीत अर्थ लिहिला. दिवाळीनंतर आईबाप फडावर गेले आणि ती आजीपाशी राहिली. दर आठवड्याला ती फोनवर त्यांना टनांचा आकडा विचारी आणि त्याच वहीच्या मागल्या पानापासून लिहीत येई. चैत्रात मुकादम हिशेबाला आला, तेव्हा ती वही घेऊन बापाशेजारी बसली होती. दोन्ही वह्यांत चार टनांचा फरक निघाला, आणि मुकादमाने आपल्या वहीत खोडून दुरुस्ती केली.