शुक्रवारी स्टिरिओ, सोमवारी धक्का!

बाबांची १९९८ची मारुती ८००. शुक्रवारी संध्याकाळी तिच्यात मस्त नवा स्टिरिओ बसवला. सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले, चावी फिरवली... टक्! बस, एवढंच. वॉचमनकाकांनी धक्का मारला. बाबा गॅलरीतून बघत होते. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

स्टिरिओवाला म्हणाला, ‘मॅडम, बॅटरी गेली. नवीन टाका.’ टाकलीही असती! पण कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने आधी मल्टिमीटर काढला. चावी काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर लावला. अर्धा अँपिअर! एरवी ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. मग एकेक फ्यूज उपसत गेला. स्टिरिओचा निघाला आणि आकडा धाडकन खाली. आता हिशोब करा. ६० तासांत ३० अँपिअर-अवर फस्त, आणि आमची बॅटरी जेमतेम ३५ची.

घोळ होता लाल वायरचा. पिवळी मेमरीसाठी, तिला सतत करंट हवाच. लाल मात्र चावीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. दुकानातल्या पोऱ्याने दोन्ही एकत्र पिळून वर टेप गुंडाळली होती. कहर म्हणजे, १०च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज! जुन्या गाडीच्या बारीक वायरी. असा फ्यूज उडायच्या आधी त्याच जळायच्या. त्यापेक्षा धक्का परवडला, खरंच.

लाल वायर आता ॲक्सेसरी लाइनवर आहे. काम २० मिनिटांचं. तुम्ही स्टिरिओ बसवाल तेव्हा दुकानातच चावी काढा आणि डिस्प्ले विझतो का बघा, मगच पैसे द्या. बाबांना आवाज अजूनही मोठाच वाटतो, तो भाग वेगळा!