दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की ‘वाटी बदलली’ हे शब्द कानावर पडतातच. ऑक्टोबर 2000 मध्ये ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला आणि ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. त्या सुमारास ज्यांनी धीर करून गुडघे बदलून घेतले, त्यांच्या सांध्यांना आता वीस-पंचवीस वर्षं झाली. काहींचे झिजलेत, काहींचे सैल झालेत. येत्या 4 ऑगस्टच्या राष्ट्रीय अस्थी व सांधे दिनी बोलायला हवं ते या मंडळींबद्दल.

पहिली शस्त्रक्रिया आज गल्लोगल्ली होते. दुसरीचं, म्हणजे बदललेला सांधा पुन्हा बदलण्याचं, ‘रिव्हिजन’चं, तसं नाही. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला धातू काढताना हाडही निघून येतं. उरलेल्या हाडात लांब दांडे बसवावे लागतात. पू झाला असेल, तर सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गुडघा, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा टेबलावर. कोणता जंतू, कोणतं औषध, हे सांगणारा माणूस तिथे सर्जनइतकाच लागतो. वर्षाला दोन-चार केसेस करून यात हात बसत नाही. इंग्लंडने म्हणूनच मोजकी केंद्रं आणि त्यांना जोडलेली आसपासची रुग्णालयं अशी घडी बसवायला घेतली.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये रिव्हिजनच्या सांध्याची कमाल किंमत 1,13,950 रुपये ठरवली. मोठाच दिलासा. पण सांधा स्वस्त झाला म्हणून तो बसवणारा सरावाचा हात मिळतोच असं नाही. परळच्या केईएमसारख्या ठिकाणी असं केंद्र उभं राहावं, कोकणातून येणाऱ्या नातेवाइकांच्या राहण्याची सोय धरून. आणि कुठे किती गुडघे बदलले, किती परत आले, याची नोंद सक्तीची व्हावी. स्वीडनने ती 1975 पासून ठेवली आहे.

मागच्या आठवड्यात कट्ट्यावर एका आजींनी पिशवीतून जुनी फाइल काढली. फक्त आतलं प्लॅस्टिक झिजलं असेल तर तेवढंच बदलता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्याच कंपनीचं, त्याच मापाचं हवं. ते लिहिलेले स्टिकर ज्या पानावर होते, तिथे आता डिंकाचे चार पिवळे चौकोन उरलेत. ऑपरेशन झालं ते नर्सिंग होम कधीच बंद पडलंय. आजी एकेका चौकोनावर बोट फिरवत होत्या.