स्वस्त स्टुडिओ, महाग गैरसमज

‘स्टुडिओचा आवाज हवा ना? मग स्टुडिओची यंत्रं घ्या.’ पॉडकास्ट करू पाहणारा तरुण, अभिवाचनं ध्वनिमुद्रित करणाऱ्या बाई, भजनी मंडळातला पेटीवाला, सगळ्यांना हे ब्रह्मवाक्य ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याच्या हातात बहुधा किंमतपत्रक असतं. घरी बनवलेलं म्हणजे हौस, विकत घेतलेलं म्हणजे व्यवसाय, अशी ही सरळसोट वाटणी आहे. ती चूक आहे.

या भक्तिमार्गाचा गाभारा म्हणजे प्रीअँप, मायक्रोफोनकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारं यंत्र. लाखाचा प्रीअँप ‘शांत’ आणि घरी सोल्डर केलेला खरखरणारा, असं सांगतात. पण शांततेला निसर्गानंच तळ घालून दिला आहे. १५० ओहमच्या साध्या रोधातसुद्धा उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन हालत राहतात आणि त्यांचा बारीक खरखराट होतो. जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं; दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात हा खरखराट सुमारे उणे १३१ डीबीयू भरतो. मायक्रोफोन तेवढ्या रोधाचा असेल तर कितीही सोन्याने मढवलेला प्रीअँप याच्या खाली जाऊ शकत नाही. आणि ‘दॅट १५१२’सारखी एक चिप, नीट आखलेल्या सर्किटमध्ये आणि पुरेशा गेनवर, या तळापासून दोन डेसिबलच्या आत पोचते. मग उरलेल्या पैशांत काय मिळतं? ट्रान्सफॉर्मरचा रंग, दणकट खोकं, दुरुस्तीची हमी. हवं त्याने ते जरूर घ्यावं, पण त्याला शांतता म्हणू नये. ते दोन डेसिबल तसेही खोलीतला पंखा गिळून टाकतो.

खरी गोम खोलीत आहे. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय दहाची. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्‌झचा आवाज घुमतो आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११३ हर्ट्‌झचाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर नेमका या दुसऱ्या आकड्याच्या आसपास असतो. लांबी-रुंदी सारखी, म्हणून घूमही दोन्ही दिशांनी एकाच जागी; छतही दहा फुटांवर असेल तर तिसरीची भर. डब्यात बोलल्यासारखा आवाज येतो तो यामुळे. असा आवाज दोन लाखांचा मायक्रोफोन जास्त इमानेइतबारे टिपतो, एवढंच.

यावरचा उपाय घरी बनतो. लाकडी पट्ट्यांची चार बाय दोन फुटांची चौकट, आत चार इंच जाडीचं रॉकवूल, वर तोंड लावून फुंकर मारली तर आरपार जाईल असं कापड. भिंतीपासून चार इंच सोडून टांगायचं, कोपरे आधी भरायचे. भरताना मास्क आणि हातमोजे हवेतच. तयार पॅनेलमध्येही बहुधा असंच तंतुमय भरण असतं. वरची किंमत मजुरीची, वाहतुकीची आणि नावाची.

हे जुगाड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वॉलेस सबाइन आठवावेत. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात आवाज पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. सबाइन यांनी रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून अंथरल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून, घड्याळ लावून, प्रतिध्वनी मोजला. वास्तुध्वनिशास्त्र जन्मलं ते असं उसन्या गाद्यांवर. जो मीक यांनी तर लंडनच्या होलोवे रोडवर, दुकानाच्या वरच्या बिऱ्हाडात, काही यंत्रं स्वतः बनवून स्टुडिओ थाटला. तिथली १९६२ ची ‘टेलस्टार’ ही धून ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली.

आता आमच्याच गोटातल्या उत्साही मंडळींना दोन शब्द. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही साधत नाही. ते वरच्या पट्टीतली थोडी चमक खातात, ११३ हर्ट्‌झला त्यांचा पत्ताही नसतो, आणि शेजारच्यांचा टीव्ही तर मुळीच अडत नाही. एक इंची फोमची गतही फार वेगळी नाही.

‘सगळंच घरी बनवा’ हाही हट्टच. आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर घरी बनवून पैसे वाचत नाहीत. दोन इनपुटचा इंटरफेस दहा-पंधरा हजारांत मिळतो, त्यात बरा प्रीअँपही असतो, आणि कारखान्याच्या घाऊक खरेदीशी आपली किरकोळ खरेदी टक्कर देऊ शकत नाही. ‘मग बनवायचंच कशाला?’ हा विरोधकांचा सर्वांत वजनदार प्रश्न इथूनच येतो, आणि इंटरफेसपुरता तो मला मान्य आहे. पण कारखान्याचा फायदा चिप आणि छापील सर्किटमध्ये आहे. लाकूड, कापड, वायर आणि मेहनत यांत नाही. म्हणून पॅनेल, स्टँड, पॉप फिल्टर, केबली, पॅसिव्ह डीआय बॉक्स हे आपलं क्षेत्र. एक्सएलआर केबलमध्ये तीनच जोड असतात: पहिल्या पिनेला ग्राउंड, दुसरीला सरळ संकेत, तिसरीला उलटा. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून वायर आणि कनेक्टर आणून संध्याकाळभरात चार केबली होतात. शिवाय कार्यक्रमाच्या ऐन वेळी एखादी तुटली, तर जोडणाराही घरातच असतो.

एका बाबतीत मात्र मी विरोधकांहून कडक आहे. व्हॉल्व्हचं यंत्र पहिल्या फटक्यात करायला घेऊ नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये दडून बसतात. आणि हम घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांच्या हाती सोल्डरिंग गनच देऊ नये. हम गेला नाही तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी नवा मायक्रोफोन मागवण्याआधी आहे त्यावरच एक परिच्छेद वाचून मुद्रित करावा. मग सहा पॅनेल लावून तोच परिच्छेद, त्याच अंतरावरून पुन्हा वाचावा आणि कुठला कोणता हे न सांगता दोन्ही एखाद्या जाणकाराला ऐकवावेत. त्यानंतरही मायक्रोफोन घ्यावासा वाटला, तर खुशाल घ्या.